घरचा मीडिया सर्व्हर जुन्या डेस्कटॉपवरून नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) हलवायचाय (लातूर)

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, सध्या घरात चौथ्या पिढीचा आय५ डेस्कटॉप चोवीस तास चालू असतो. विंडोज १०, त्यावर जेलीफिन (आपले सिनेमे-गाणी घरातल्या टीव्ही-मोबाईलवर दाखवणारं सॉफ्टवेअर), आत दोन हार्डडिस्क आणि बाहेर यूएसबीला लटकलेल्या दोन. सगळा मिळून सहा टीबीच्या आसपास माल आहे. घरच्या डीव्हीडींवरून उतरवलेले सिनेमे, मुलांचे व्हिडिओ, २००४ ते २००९ मधल्या लग्नांच्या मिनी-डीव्ही टेपा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटींवरून केलेल्या ऑडिओ फायली.

आता हलवायचं कारण: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मोबाईलवर शूट केलेले एचईव्हीसी (एच२६५, जास्त दाबलेले) व्हिडिओ लावले की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, आणि टीव्हीवर ते गोल गोल फिरत बसतं. यूएसबीच्या डिस्क मधूनच गायब होतात. शिवाय बिल. प्लगला मीटर लावून बघितलं, नुसतं बसून ७० वॉट खातंय. म्हणजे महिन्याला ५० युनिट. महावितरणच्या १०० युनिटच्या पुढच्या स्लॅबमध्ये आम्ही निम्मे त्याच्यामुळेच जातो असं घरात बोललं जातं, आणि ते खरं आहे.

प्रश्न असा की तयार नॅस बॉक्स घ्यावा, का याच डेस्कटॉपवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट (कॉम्प्युटरचाच नॅस करणाऱ्या सिस्टीम) टाकावं? बजेट डिस्क धरून साठ हजारांच्या आतबाहेर.

बालाघाट (बीड)

एवढ्यासाठी बॉक्स काहून घ्यायलाव भाऊ? ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियन लिनक्सवर चालतं, फुकट आहे, तुमच्या डेस्कटॉपवर मजेत पळेल. एक छोटी एसएसडी सिस्टीमला द्या, कारण ते सिस्टीमची डिस्क डेटासाठी वापरू देत नाही. बाकी पैशाच्या डिस्का घ्या.

गोदातीर (नांदेड)

बालाघाट, फुकट खरं, पण ७० वॉट तसेच राहिले आणि एचईव्हीसीचं दुखणंही तसंच राहिलं. इंटेलचं क्विकसिंक (प्रोसेसरमधलाच व्हिडिओ उलगडणारा भाग) १०-बिट एचईव्हीसी सातव्या पिढीपासून नीट उलगडतं. चौथ्या पिढीत ते हार्डवेअरच नाही, मग वर कुठलंही सॉफ्टवेअर टाका.

मांजराकाठ, माझं मत सरळ आहे. साठवणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका पेटीकडून करून घेऊ नका. दोन बे चा (दोन डिस्क बसणारा) साधा नॅस घ्या, त्याने फक्त फायली सांभाळायच्या. शेजारी एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी ठेवा, त्यावर जेलीफिन. एन१०० चा टीडीपी (प्रोसेसरच्या उष्णतेचा ठरवलेला आकडा) ६ वॉट आहे, एचईव्हीसी तर सोडाच, एव्ही१ (त्याहून नवा व्हिडिओचा प्रकार) सुद्धा हार्डवेअरमध्ये वाचतो. नॅस आणि मिनी पीसी दोन्ही मिळून तुमच्या आजच्या निम्म्याहून कमी वीज लागेल.

"नॅसमध्येच जेलीफिन चालतं की" असं दुकानदार सांगेल. चालतं. पण कुठल्या मॉडेलमध्ये कुठला प्रोसेसर आहे हे आधी बघा. सिनॉलॉजी कंपनीच्या डीएस९२०+ मध्ये सेलेरॉन जे४१२५ होता, त्यात क्विकसिंक होतं. पुढच्या डीएस९२३+ मध्ये रायझन आर१६०० आला, त्याला ग्राफिक्सच नाही. नवीन मॉडेल म्हणून जास्त पैसे देऊन लोकांनी व्हिडिओच्या बाबतीत मागचं पाऊल टाकलं. त्यात ऑगस्ट २०२४ च्या डीएसएम (त्यांच्या नॅसची सिस्टीम) ७.२.२ पासून त्यांनी स्वतःचं व्हिडिओ स्टेशनही काढून टाकलं. कंपनीचा कल कुठे आहे ते यावरून कळतं. त्यांच्या बॉक्सवर फायली ठेवा, त्यांच्या ॲपच्या भरवशावर राहू नका.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: जेलीफिनचा स्वतःचा डेटाबेस एसक्यूलाइट आहे. तो मिनी पीसीच्या आतल्या एसएसडीवरच ठेवायचा. नेटवर्कवरच्या शेअरवर ठेवला तर लॉकिंग नीट होत नाही आणि कधीतरी डेटाबेस खराब होतो. नॅसवर फक्त मीडिया.

मांजराकाठ

पटतंय. पण आत्ताची लायब्ररी, काय बघून झालं, पोस्टर, हे सगळं नव्या मशीनवर जाईल का?

गोदातीर

विंडोजच्या डेटाबेसमध्ये पाथ "डी" ड्राइव्हचे आहेत, लिनक्सवर ते बदलणार. तो डेटाबेस ओढून नेण्याच्या नादी लागू नका. त्याऐवजी आत्ताच लायब्ररीच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा (नाव, वर्ष अशी माहिती) एनएफओ नावाच्या छोट्या मजकूर फायलींत आणि चित्रं मीडियाच्या फोल्डरमध्येच सेव्ह करा असं सांगून एकदा पूर्ण रिफ्रेश करा. मग फायलींसोबत माहितीही जाते आणि नवा जेलीफिन ती तिथूनच उचलतो. "बघून झालं"च्या खुणांसाठी ट्रॅक्टचं (काय बघितलं याची नोंद ठेवणारी साइट) प्लगइन आहे, पण ते सिनेमे आणि मालिकांपुरतं. कीर्तनं कोणी किती ऐकली ते ट्रॅक्टला काय ठाऊक.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

डिस्कबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सीएमआर (ट्रॅक शेजारी शेजारी असलेली) घ्या, एसएमआर नको. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर कौलासारखे चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. नुसत्या साठवणीला चालतं, पण आरसा (दोन डिस्कवर एकच डेटा) परत बांधताना जीव जातो. डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे एप्रिल २०२० मध्ये उघड झालं, तेव्हा नॅसवाल्यांनी केवढा दंगा केला होता. आता रेड प्लस सीएमआर आहे, सीगेटची आयर्नवुल्फ सगळी सीएमआर आहे.

दुसरं, २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण झालं. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचे) आकडे शून्य केलेले होते, पण आतल्या फार्म लॉगमध्ये खरे तास सापडले. त्यामुळे डिस्क कुठूनही घ्या, सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा, आणि सीगेटची असेल तर स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामने फार्म लॉग काढा. मग स्मार्टची लांब टेस्ट लावा. ८ टीबीला अर्ध्या दिवसाहून जास्त लागतो, लागू द्या. डिस्क मरायची असेल तर रिकामी असताना मेलेली बरी.

सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेत स्वतःच्याच छापाच्या डिस्क लागतील असं केलं होतं. ऑक्टोबरात डीएसएम ७.३ आल्यावर ते बंधन सैल झालं, पण मी म्हणेन की बॉक्स घेताना त्या मॉडेलची सुसंगत डिस्कची यादी त्याच दिवशी उघडून बघा.

तुमच्या सहा टीबीला ८ टीबीच्या दोन डिस्क, आरसा म्हणजे रेड १. विंडोजवर त्यातले ७.२७ दिसतील, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. :)

बालाघाट

८ च्या दोन घेऊन ८ च मिळणार? तीन डिस्का आणि रेड ५ (एकीची जागा सुरक्षेला, बाकीची वापरायला) का नाही?

खामकाठ

कारण दोन बे चा बॉक्स स्वस्त आहे, आणि आरशातली एक डिस्क काढून दुसरीकडे वाचणं सोपं आहे. घरी एवढं पुरतं. आणि परत सांगतो, आरसा म्हणजे बॅकअप नाही. चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं.

जिंतूररोड (परभणी)

मी इन्व्हर्टर-सोलरचं काम करतो. बॉक्स कुठला यावर इथे पानं भरायलीत, पण आपल्याकडे डिस्क मरतात त्या बॉक्समुळे नाही, विजेमुळे मरतात. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी अर्थिंग. आपली काळी माती पावसाळ्यात चांगली धरते, पण एप्रिल-मे मध्ये भेगाळते आणि अर्थचा पाइप मातीपासून अक्षरशः सुटतो. मीठ-कोळसा भरलेला खड्डा आहे म्हणून निर्धास्त राहणारे लई लोक बघितलेत. मल्टीमीटर घ्या, ज्या सॉकेटला नॅस लावणार तिथे न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असलं तर ठीक. पंधरा-वीस दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग नॅस. उन्हाळाभर अर्थच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. लातूरला पाण्याची किंमत मला सांगायची गरज नाही, पण आंघोळीचं सांडपाणी चालतं.

मग यूपीएस. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं समजू नका. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना मध्ये जो झटका येतो तो पंख्याला कळत नाही, पण नॅसला कळू शकतो. आणि इन्व्हर्टर मुक्का आहे, बॅटरी संपत आली तर तो नॅसला सांगत नाही. यूएसबी पोर्टवाला लाइन-इंटरॅक्टिव्ह ६०० व्हीए घ्या. चाळीस-पन्नास वॉटच्या लोडला पंधरा-वीस मिनिटं सहज देतो. त्याची यूएसबी नॅसला जोडा. नॅस एनयूटीचा (यूपीएसची खबर बाकी मशीनना देणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर होतो, मिनी पीसी त्याचा क्लायंट. लाइट जाऊन ठरावीक मिनिटं झाली की दोघंही आपोआप नीट बंद होतात. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असला तर खाली लावलेला स्वस्त यूपीएस त्याला लाइट समजतच नाही आणि स्वतःची बॅटरी खात बसतो. साइन वेव्ह असेल तरच यूपीएस इन्व्हर्टरखाली लावा.

जागा. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर नको. बाहेर ४२-४३ असताना माळ्यावर किती होतं ते हात लावून बघा. डिस्कचं तापमान ४५ च्या आत राहील अशी जागा हवी. आणि कूलरच्या समोर अजिबात नको! गार वाटतं, पण ती ओली हवा आहे, त्यात आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार. बोर्डवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं नंतर.

शेवटचं, वळीव. विजा कडाडायला लागल्या की नेटची तांब्याची वायर जर खांबावरून, गच्चीवरून येत असेल तर ती आधी काढा. पॉवरचा सर्ज प्रोटेक्टर लावून लॅनची वायर तशीच ठेवली तर वीज त्या दारानं येते. फायबर थेट घरात येत असेल तर ही काळजी बरीच कमी.

मांजराकाठ

जिंतूररोड दादा, हे वाचून आधी मल्टीमीटर काढला. न्यूट्रल-अर्थ ११ व्होल्ट! इलेक्ट्रिशियनला बोलावलंय.

वेशीजवळ (धाराशिव)

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कीर्तनाच्या फायलींबद्दल आहे. मी आमच्या भागातल्या भजनी मंडळांच्या कॅसेटी उतरवून देते, त्यामुळे या खड्ड्याची मला चांगली ओळख आहे.

तुमच्या फायलींची नावं देवनागरीत आहेत का? असतील तर कॉपी सुरू करायच्या आधी हे वाचा. विंडोजचं एनटीएफएस फायलीच्या नावात २५५ अक्षरं मोजतं. लिनक्सच्या ईएक्सटी४, बीटीआरएफएस, झेडएफएस या फाइल सिस्टीम २५५ बाइट मोजतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "श्री" दिसायला एक अक्षर, पण आत श, हलन्त, र आणि वेलांटी असे चार तुकडे, म्हणजे १२ बाइट. तेव्हा हिशेबाला मर्यादा आली ८५ तुकड्यांवर.

हे बघा माझ्याकडचं एक नाव: "श्री क्षेत्र पैठण नाथषष्ठी सोहळा काल्याचे कीर्तन भाग पहिला". यात ५० तुकडे देवनागरीचे आणि ८ मोकळ्या जागा, म्हणजे १५८ बाइट, वर एमपी३ चं शेपूट धरून १६२. साध्या फोल्डरमध्ये जाईल. त्यात महाराजांचं नाव, गाव आणि तिथी घातली की २५५ ओलांडतं आणि कॉपी "नाव फार लांब" म्हणून थांबते. सिनॉलॉजीवर शेअर्ड फोल्डर एनक्रिप्ट करण्याचा जो जुना पर्याय आहे त्यात मर्यादा १४३ च आहे, तिथे हे आत्ताचंही नाव जाणार नाही. एनक्रिप्शन हवंच असेल तर डीएसएम ७.२ पासून आख्ख्या व्हॉल्यूमचं मिळतं, ते घ्या. त्याला ही अडचण नाही.

दुसरी भानगड "ऱ्य"ची. "दुसऱ्या दिवशीचे कीर्तन" हे नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं असू शकतं आणि तिन्ही स्क्रीनवर सारखीच दिसतात. एका तऱ्हेत ऱ हे एकच अक्षर, दुसऱ्या तऱ्हेत र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे (जुन्या मॅकवरून आलेल्या फायलींत हे हमखास), आणि तिसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. कॉम्प्युटरला या तीन वेगळ्या फायली. नॅसवर एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसायला लागल्या तर नजरबंदी समजू नका, हेच कारण असतं. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोड नॉर्मलायझेशनने एक होतात, तिसरी मात्र होत नाही, ती शोधून बदलावीच लागते. झेडएफएसवर जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा की नॉर्मलायझेशनचा पर्याय डेटासेट तयार करतानाच द्यावा लागतो, नंतर बदलता येत नाही.

मी काय करते ते सांगते. फायलीचं नाव आखूड ठेवते: वर्ष, गाव, भाग. बाकी सगळं ऑडिओच्या टॅगमध्ये: कीर्तनकार, अभंग, प्रसंग, साथ कोणाची. टॅगला अशी लांबीची अडचण येत नाही आणि जेलीफिन संगीताच्या लायब्ररीत तेच टॅग वाचतो.

गोदातीर

ताई, हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांच्या भारुडांच्या फोल्डरमध्ये दोन-दोन नावं का दिसतात ते आज कळलं.

मांजराकाठ

आणि माझी सगळी नावं लांबलचक देवनागरीतच आहेत. कॉपीच्या आधी वाचलं हे नशीब.

अपडेट: दोन बे चा बॉक्स, ८ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क आणि एन१०० चा मिनी पीसी आला. डिस्क हैदराबादला असलेल्या भाच्याकडून मागवल्या, सीरियल टाकून वॉरंटी बघितली, फार्म लॉगही स्वच्छ आहे. आजोबांच्या फायलींची नावं ताईंच्या पद्धतीने बदलून घेतली. पण कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या पुढे सरकत नाही. या वेगानं सहा टीबीला सहा दिवस लागतील. डेस्कटॉप आणि नॅस दोन्ही गिगाबिट आहेत.

खामकाठ

११ चा आकडा दिसला की वायर बघायची. ती १०० एमबीपीएसची मर्यादा आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात. कनेक्टर उजेडात धरून आतल्या तारा मोजा.

मांजराकाठ

चारच! हॉलमधून आतल्या खोलीत जाणारी वायर नेटवाल्या पोराने ओढून दिली होती, त्यात नारंगी आणि हिरवी जोडी तेवढी बसवलीय, निळी आणि तपकिरी मागे कापून टाकलीय.

जिंतूररोड

त्याच्या हिशेबानं बरोबर आहे, नेट ५० एमबीपीएसचं, चार तारांवर भागतं. तांब्याची कॅट ६ घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. टोक खरवडलं की पांढरी चमक दिसते, त्यावरून ओळखायची.

गोदातीर

तोवर यूएसबीच्या डिस्क सरळ नॅसच्याच यूएसबीला लावा आणि तिथल्या तिथे कॉपी करा, एनटीएफएस तो वाचतो. आतल्या दोन डिस्क तेवढ्या नव्या वायरीवरून आणा, ११० एमबीने एक टीबीला अडीच तास लागतात. आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामने करा, म्हणजे मध्ये लाइट गेली तरी राहिलेलं पुढे सुरू होतं. सगळं झाल्यावर एकदा चेकसम (दोन्हीकडच्या फायली तंतोतंत जुळतात का ते बघणं) लावून परत फिरवा. तो पास संपेपर्यंत जुन्या डिस्कवरचं काहीही पुसायचं नाही.

बालाघाट

आता पोरगं पुण्यात हॉस्टेलला असतं त्याला हे बघायचं तर? राउटरवर पोर्ट उघडला की झालं ना?

खामकाठ

बिलकूल नको. एक तर बहुतेक ठिकाणी सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता) आहे, राउटरवर १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मधला पत्ता दिसला तर पोर्ट उघडून बाहेरून काही येतच नाही. आणि जिथे येतं तिथे चोरही येतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या हजारो नॅसवरचा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागितली, आणि ते सगळे नॅस थेट इंटरनेटला उघडे होते. मिनी पीसीवर आणि पोराच्या लॅपटॉपवर टेलस्केल (लांबची मशीन खाजगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाका. ते वायरगार्ड या व्हीपीएनवर चालतं, सीजीनॅटमधून वाट काढतं, पोर्ट उघडावा लागत नाही. घरचा अपलोडचा वेग मात्र बघून घ्या, तिकडे चित्र किती चांगलं दिसणार ते त्यावर ठरतं.

मांजराकाठ

वायर बदलली, ११२ एमबी मिळायला लागले. सगळा माल नॅसवर आला, चेकसमही झाला. दोन्ही मिळून प्लगला ३० वॉटच्या आत दिसतंय. अर्थचा खड्डा नव्याने भरला, आता दीड व्होल्ट.

बॅकअपचं असं ठरवलं: सिनेम्यांचा घेत नाही, डीव्हीडी कपाटात आहेत. आजोबांची कीर्तनं आणि घरचे व्हिडिओ मिळून टीबीभराचं काम आहे. ते जुन्या एका यूएसबी डिस्कवर घरात आणि दुसऱ्या डिस्कवर अंबाजोगाईला बहिणीकडे. दिवाळी आणि पाडव्याला डिस्कची अदलाबदल करायची. मिनी-डीव्हीच्या मूळ फायली तासाला १३ जीबी घेतात, पण त्या तशाच ठेवल्यात, टीव्हीसाठी वेगळी एच२६४ प्रत केली.

एकच राहिलंय. लाइट जाऊन आली की मिनी पीसी नॅसच्या आधी उठतो आणि जेलीफिनला लायब्ररी रिकामी दिसते.

गोदातीर

मिनी पीसीच्या एफएसटॅबमध्ये (लिनक्समधली डिस्क आणि शेअर जोडायची यादी) नॅसच्या माउंटला म्हणजे जोडणीला सिस्टमडीचा ऑटोमाउंट पर्याय लावा, आणि जेलीफिनची सर्व्हिस त्या माउंटवर अवलंबून ठेवा. नॅस उठेपर्यंत जेलीफिन सुरूच होणार नाही. आणि मिनी पीसीला नॅसवर फक्त वाचायचा हक्क असलेला वेगळा युजर द्या. एनएफओ लिहायची असेल तेव्हा तेवढ्यापुरता बदला.

वेशीजवळ

मराठी सबटायटल लावली की चौकोन दिसतात का तुमच्याकडे? माझ्याकडे मिनी पीसीवर आल्यापासून दिसायलेत.

गोदातीर

सबटायटल चित्रातच भाजून पाठवायची वेळ आली की सर्व्हरवरचा फॉन्ट लागतो, आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये (जेलीफिन ज्या बंदिस्त डब्यात चालतो त्यात) देवनागरी फॉन्ट नसला की चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट होस्टवर म्हणजे मिनी पीसीवर टाकून ते फोल्डर कंटेनरच्या फॉन्टच्या फोल्डरला जोडा, कंटेनर परत सुरू करा. ब्राउझरमध्ये बघत असाल तर डॅशबोर्डच्या प्लेबॅकमध्ये फॉलबॅक फॉन्टचं फोल्डरही द्या. चौकोनांऐवजी इंग्रजी कचरा दिसत असेल तर ती फाइल जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. मग फॉन्ट टाकून भागणार नाही, ती युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावी लागेल.

वेशीजवळ

चौकोनच आहेत. रात्री करून बघते.